ससा खायचा थांबला की काय करायचं: पहिल्या तासापासून निरोपापर्यंत

एप्रिल-मे आला की मला ठरलेला फोन येतो. "काकू, ससा सकाळपासून कोपऱ्यात बसलाय, गाजरसुद्धा खात नाहीये." मी विचारते, शेवटची लेंडी कधी दिसली? पलीकडे शांतता. हळूहळू कळतं की खाणं काल दुपारीच बंद झालंय, रात्री "सकाळी बघू" म्हणून सगळे झोपले, सकाळी आजींनी मायेनं चमच्यानं दूध पाजलं आणि आता कान गार लागतायत.

माया सगळ्याच घरांत असते, चुकतो तो क्रम. आधी ऊब की आधी भरवणं, आधी फोन की आधी वाट बघणं, गेल्यावर आधी खड्डा की आधी खात्री, एवढ्यावर खूप काही ठरतं. ससा दुखणं लपवतो. रानात ज्यानं दुखणं दाखवलं तो आधी पकडला जातो, आणि ती सवय घरातल्या सशातही तशीच उरली आहे. त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, लेंड्या आणि वजनकाटा यांवरूनच कळतं. खाली सगळं ज्या क्रमानं करायला हवं त्याच क्रमानं दिलं आहे.

1. तयारी: ससा ठणठणीत असतानाच

पहिलं काम डॉक्टर शोधणं. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी, आणि शहरातले बरेचसे कुत्र्या-मांजरांसाठी. ससा नेमानं बघणारे थोडे. म्हणून आधीच फोन करून विचारा: ससे तपासता का? सशाला भूल देऊन शस्त्रक्रिया केली आहे का? रात्री अडचण आली तर कुणाला फोन करू? आणखी एक प्रश्न मी हटकून विचारते: "ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवू का?" उत्तर "हो, बारा तास" असं आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. सशाला उलटी होऊच शकत नाही आणि त्याचं पोट रिकामं राहणं हाच मोठा धोका आहे, हे सशाच्या डॉक्टरला माहीत असतं.

जवळपास कुणी सापडलं नाही तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा. परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे ही महाविद्यालयं आहेत. परळलाच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे प्राण्यांचं जुनं रुग्णालयही आहे. अंतर, जायला लागणारा वेळ, सुट्टीचा वार असं सगळं एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा.

दुसरं काम, एक डबा भरून ठेवणं. त्यात सुई नसलेल्या 1, 5 आणि 10 मिलीच्या सिरिंजा, गरम पाण्याची रबरी पिशवी, दोन जुने मऊ टॉवेल आणि सशाच्या पेलेटची (गोळीखाद्याची) एक छोटी बंद पिशवी ठेवा. प्रवासाचा, वरून उघडणारा पिंजरा त्याच्या शेजारीच असू द्या. औषधं या डब्यात नकोत. औषधं डॉक्टर देतील.

तिसरं, वजनाची वही. स्वयंपाकघरातला 5 किलोपर्यंतचा डिजिटल काटा पुरतो. त्यावर पातेलं किंवा टोपली ठेवून काटा शून्यावर आणा, त्यात ससा बसवा, आकडा लिहा. दर रविवारी, खाणं घालायच्या आधी. दोन किलोचा ससा 1 किलो 800 ग्रॅमवर आला तर त्याच्या अंगाचा दहावा हिस्सा गेला, आणि हे नुसतं बघून कळत नाही, कारण वरून केस तेवढेच दिसतात.

खाण्याबद्दल थोडक्यात. पोट बंद पडण्याची सुरुवात बहुतेक वेळा ताटलीतून होते. सशाचं खरं जेवण म्हणजे गवत: वाळलेलं गवत चोवीस तास समोर, त्याच्या जोडीला स्वच्छ जागची हरळी. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला असा हिरवा पाला रोज थोडा. पेलेट दोन किलोच्या सशाला दिवसाला दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नको. गाजर आणि फळ हा खाऊ समजा. एखादी चकती पुरे. लसूणघास (गुरांना घालतात तो हिरवा चारा, लसूण नव्हे) वाढत्या पिल्लांना चालतो. मोठ्या सशाला रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियममुळे लघवीच्या पिशवीचा त्रास होतो. पोळी, भात, बिस्किट, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नको.

*सावधान:* "सशाला पाणी पाजलं की तो मरतो" ही समजूत अजूनही घरोघरी आहे. ती साफ खोटी आहे. सशाला पाणी लागतंच, साधारण किलोमागे 100 मिली रोज, उन्हाळ्यात जास्त. पाणी न मिळालेल्या सशाच्या पोटातलं गवत घट्ट होतं आणि तिथूनच आजार सुरू होतो.

2. रोजची दोन मिनिटं

सकाळी झाडायच्या आधी लेंड्या बघा. चांगली लेंडी गोल, वाटाण्याच्या आकाराची, कोरडी असते. चिमटीत दाबली की फुटते आणि आत गवताचा चुरा दिसतो. लेंड्या लहान, काळपट आणि कडक झाल्या, किंवा केसांनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या आल्या, तर त्या दिवशी पाणी आणि गवत वाढवा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. चकचकीत, मऊ, द्राक्षाच्या घोसासारखा पुंजका दिसला तर तो जुलाब नसतो. तो ससा एरवी स्वतःच थेट खातो आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. तो पडून राहायला लागला की पेलेट आणि फळ कमी करा.

पावसाळ्यात एक काम वाढतं: शेपटीखालची जागा रोज बघणं. तिथे ओल आणि घाण राहिली की माश्या अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. अळ्या दिसल्या तर घरी काढत बसू नका, त्याच तासाला दवाखाना.

*इथे तपासा:* हनुवटी ओली आहे का? घास तोंडातून गळतोय का? सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. गवत कमी पडलं की दाढा वाकड्या वाढून जिभेला, गालाला टोचतात. असा ससा भुकेला असतो, वाटीपाशी येतो, वास घेतो आणि मागे फिरतो. याला लोक नखरे समजतात.

3. खाणं थांबलं: पहिल्या तासातला क्रम

दहा-बारा तास खाणं नाही किंवा लेंडी नाही, म्हणजे तातडी. रात्रीचे अकरा वाजले असले तरी. खालचा क्रम मोडू नका.

*पहिलं, वेळ लिहा.* शेवटचं खाणं कधी, शेवटची लेंडी कधी, लघवी कधी. डॉक्टर हेच विचारणार आहेत.

*दुसरं, आवडीचा खाऊ नाकासमोर धरा.* कोथिंबिरीची काडी खाल्ली आणि गवत सोडलं, तर दाताचा संशय. कोथिंबिरीवरूनही तोंड फिरवलं तर पोटाचा.

*तिसरं, पोटाला हात लावा.* बरगड्यांच्या मागे, हलक्या हातानं. मऊ कणकेसारखं लागलं तर थोडा वेळ आहे. ढोलकीसारखं ताणलेलं, टणक लागलं तर वेळ नाही: काही भरवू नका, चोळू नका, थेट गाडी काढा. आतडं अडलेलं असू शकतं, आणि वरून घातलेला प्रत्येक घास त्यात भर घालतो.

*चौथं, कान आणि पंजे चाचपा.* सशाच्या अंगाचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण 38.5 ते 40 अंश असतं. कान गार आणि अंग ढिलं म्हणजे तो घसरत चालला आहे. रबरी पिशवीत गरम पाणी भरा, टॉवेलात गुंडाळा, कुशीला लावा. पिशवी सरकवून लांब जायला त्याला जागा राहू द्या.

*पाचवं, डॉक्टरांना फोन.*

*सहावं, भरवणं.* तेही अंग उबदार झालं असेल, पोट ताणलेलं नसेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तरच. गार पडलेल्या सशाचं पोट चालत नसतं. त्याला गिळताही नीट येत नाही, घास श्वासनळीत जातो. दूध तर कधीच नाही. वर ज्या आजींचं सांगितलं त्यांचा हात प्रेमाचाच होता. फक्त सहावं काम त्यांच्याकडून सगळ्यांत आधी झालं.

उन्हानं आलेली ग्लानी याच्या उलट. कान तापलेले आणि लाल, तोंड उघडं ठेवून धाप, नाकपुड्या ओल्या. हवेचं तापमान तिशीच्या वर गेलं की ससे घायकुतीला येतात, आणि विदर्भ-मराठवाड्यातली गॅलरी दुपारी चाळिशीच्या पुढे असते. अशा वेळी ससा सावलीत आणून कान साध्या पाण्यानं ओले करा, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानं जीव जातो.

*सावधान:* दात खाण्याचे आवाज दोन. डोक्यावरून हात फिरवताना येणारी हलकी टकटक हे समाधान असतं. पाठ कुबडी, डोळे अर्धे मिटलेले आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येणारी करकर म्हणजे वेदना. माणसांची दुखण्याची गोळी चुरून देऊ नका.

4. दवाखान्यात नेताना

पिंजऱ्यात टॉवेल, वर मूठभर गवत. जोडीचा ससा असेल तर त्यालाही सोबत घ्या, आजारी सशाची भीती कमी होते आणि परत आल्यावर दोघांत मारामारी होत नाही. उन्हात स्कूटीवर निघालात तर पिंजऱ्यावर ओलं सुती फडकं टाका, पण बाजू उघड्या ठेवा. उचलताना कान धरून कधीही नाही. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. मागचे पाय लोंबते राहिले आणि त्यानं जोरात लाथ मारली तर स्वतःच्याच ताकदीनं त्याचा कणा मोडतो.

डॉक्टरांपुढे वजनाची वही आणि शेवटच्या लेंड्या (कागदाच्या पुडीत) ठेवा. औषध लिहून दिलं की अदबीनं, पण नक्की विचारा: हे सशाला चालतं ना? अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविकं तोंडावाटे दिली तर सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाही दगावू शकतो. पिसवांवरचं फिप्रोनिलचं औषध कुत्र्याला चालतं, सशाला नाही. डॉक्टरांना असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. दिवसभर कुत्री-मांजरं तपासणाऱ्या माणसाला ही आठवण उपयोगीच पडते.

5. घरी भरवणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडी थांबते.

पेलेट कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमधून अगदी बारीक करा, चहाच्या गाळणीतून गाळा. दाटपणा पातळ पिठल्याएवढा हवा. गुठळी राहिली की सिरिंज तुंबते, तुम्ही जोर लावता आणि एकदम पाच मिली घशात जातं. अपघात होतो तो असा.

जमिनीवर बसा, मांडीवर नको. टेबलावर तर मुळीच नको, उडी मारली की हाड मोडतं. गुडघे टेकून मागे सरका, ससा दोन मांड्यांच्या मध्ये, त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, अंगाभोवती टॉवेल. त्याचे चारही पाय जमिनीवर टेकलेले असावेत. पाठीवर उताणा करून भरवू नका. उताणा ससा गप्प पडतो ते भीतीनं, आणि त्या अवस्थेत घास फुप्फुसात जातो.

पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी फट असते. ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंज तिथे आडवी सरकवा. अर्धा मिली सोडा. थांबा. जबडा हलतोय, गिळतोय असं दिसलं की पुढचा अर्धा मिली. पहिल्या दिवशी हे फार संथ वाटतं. किलोमागे एका वेळी 10 मिली, दिवसातून चार-पाच वेळा, असा अंदाज धरा. नेमका आकडा तुमचे डॉक्टर सांगतील. नंतर हनुवटी कोमट ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा.

आमची भुरी पहिल्या दिवशी माझ्या मनगटावर ओरखडे काढायची. तिसऱ्या दिवशी सिरिंज दिसली की स्वतःच टॉवेलपाशी येऊन बसायला लागली. मला त्या वेळी वाटलं, ती हार मानतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेलवर सहा लेंड्या होत्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या. मी त्या मोजल्या आणि वहीत लिहिल्या.

*इथे तपासा:* भरवताना नाकातून लगदा आला, किंवा श्वासाला घरघर लागली, तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना कळवा. चोवीस तास भरवूनही लेंडी नसेल तर घरचे उपाय संपले, पुन्हा तपासणीला न्या.

6. कधी थांबायचं

याची वही मी आजाराच्या पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगते. शेवटच्या आठवड्यात डोकं ठिकाणावर नसतं, आणि घरातल्या चौघांची चार मतं असतात. रोज रात्री पाच गोष्टींपुढे हो किंवा नाही लिहायचं:

स्वतःहून एक तरी घास खाल्ला का? 
स्वतःचं अंग चाटून साफ केलं का? 
उठून जागा बदलली का? 
औषधानंतर करकर थांबली का? 
तुम्ही आलात तेव्हा कान तुमच्याकडे वळले का?

सलग दोन-तीन दिवस "नाही" जास्त यायला लागले आणि डॉक्टरांकडे नवीन काही उरलं नसेल, तर वेदनेशिवाय मरण देण्याबद्दल बोलायची वेळ झाली. हा विषय तुम्ही काढा. पुष्कळ डॉक्टर मालकानं विचारेपर्यंत थांबतात.

भुरी सहा वर्षांची होती. लघवीत लाल दिसायला लागलं तेव्हा मी बिटाच्या पाल्याला दोष दिला. पाल्यानं लघवी लाल होते हे खरंच आहे, पण पाला बंद केल्यावर दोन दिवसांत ती पूर्ववत व्हायला हवी. ती झाली नाही, आणि मी आणखी तीन आठवडे काढले. गर्भाशयाची गाठ होती, छातीपर्यंत पोचलेली. न काढलेल्या गर्भाशयात अशी गाठ होणं वयस्क सशीणींत फार सर्रास आहे. सहा महिन्यांची असताना शस्त्रक्रिया करून घेतली असती तर हे टळलं असतं. मला तेव्हा "एवढ्याशा जिवाला कशाला चिरायचं" असं वाटलं होतं. तुमच्या घरी मादी असेल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा आणि डॉक्टरांची वेळ घ्या.

घरात कुणाला धर्मानं किंवा मनानं इंजेक्शन मान्य नसेल तर भांडू नका. मग दुसरी वाट पूर्ण करा: डॉक्टरांकडून पुरेसं वेदनाशामक, ऊब, मऊ कोरडं अंथरूण, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं आणि जबरदस्तीचं भरवणं बंद. वेदनाशामक न देता नुसती वाट बघत बसणं मात्र कुठल्याच वाटेत बसत नाही.

7. इंजेक्शनचा दिवस

शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा, कुत्र्यांची गर्दी नसते. डॉक्टर घरी येत असतील तर त्याहून बरं. पैसे आधीच देऊन टाका. सगळं झाल्यावर काउंटरपाशी उभं राहवत नाही.

आधी झोपेचं इंजेक्शन द्या असं स्पष्ट सांगा. गाढ झोप लागली की मगच दुसरं, भूल देणाऱ्या औषधाचं जास्तीचं. ते कानाच्या शिरेत देतात, किंवा शीर सापडेना झाली तर झोपलेल्या अवस्थेत पोटात. पोटात दिलं तर काही मिनिटं जास्त लागतात. तुम्ही हात ठेवून बसू शकता, विचारा.

पुढचं आधीच माहीत असू द्या, म्हणजे दचकणार नाही: डोळे उघडेच राहतात. एखाद-दोन झटके, एखादा खोल श्वास नंतरही येऊ शकतो. लघवी होते. यातलं काहीही वेदनेचं लक्षण नाही.

8. गेल्यानंतरचा पहिला तास

घरी गेला असेल तर आधी खात्री करा. गारठलेला, शुद्ध हरपलेला ससा मेल्यासारखाच दिसतो, आणि घाईत त्याला पुरायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. बरगड्यांची हालचाल पाच मिनिटं सलग बघा, नुसता डोळा टाकू नका. छातीला कान लावा. डोळ्याच्या बुबुळाला कापसाचं टोक हलकेच लावा, पापणी लवते का बघा. थोडी जरी शंका असेल तर उबेत गुंडाळून डॉक्टरांकडे न्या. काही तासांत अंग ताठ होतं, मग शंका उरत नाही.

खात्री झाली की ताठ होण्याआधी पाय पोटाशी घेऊन, तो झोपायचा तसा वळवून ठेवा. खाली जुना टॉवेल, कारण अंगातून ओल येते. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत थांबायचं असेल तर टॉवेलाबाहेरून बर्फाच्या पिशव्या लावा.

*सावधान:* धडधाकट ससा अचानक गेला आणि घरात आणखी ससे असतील, तर लगेच पुरू नका. कारण कळणं जिवंत असलेल्यांसाठी गरजेचं आहे. शवविच्छेदन करायचं तर शव पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवलं की पेशी फुटतात आणि तपासणारा काही सांगू शकत नाही. वेळ घालवू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी पोचवा.

9. पुरणं किंवा दहन

स्वतःची जागा असेल तर तीन फूट खोल. दीड फुटाचा खड्डा कुत्री रात्रीत उकरतात, आणि सकाळी ते तुमच्या मुलांना दिसतं. विहीर, बोअर, ओढा यांच्यापासून लांब, आणि पावसात पाणी साचत नाही अशी जागा. सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको, त्यात शव मातीत मिसळत नाही, नुसतं सडत राहतं. माती दाबून वर दोन-तीन जड दगड ठेवा. मीठ ओतायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे, पण खोली पुरेशी असली की त्याची गरज पडत नाही, उलट वर काही लावायचं असेल तर माती बिघडते.

इंजेक्शन दिलेलं असेल तर खोलीत जराही तडजोड नको. ते औषध शरीरात टिकून राहतं, आणि शव उकरून खाणारं कुत्रं, कावळा किंवा घार त्यानं मरू शकते. टेकडीवर, नदीकाठी "निसर्गात" ठेवून येणं म्हणूनच चूक आहे.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या बागेत न विचारता खणू नये. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करा. मुंबईत मालाडला पालिकेनं 2023 मध्ये लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दाहिनी सुरू केली. इतर शहरांत कुठे खासगी सोय असते, कुठे पालिकेची. ससा घेतात का, वेळ कोणती, अस्थी परत मिळतात का, हे निघण्याआधीच विचारा. हा फोन नंबरसुद्धा पहिल्या टप्प्यातल्या कागदावर आधीच असलेला बरा.

10. मुलांना सांगताना

"झोपला" म्हणू नका, लहान मुलं मग रात्री झोपायला घाबरतात. "गावाला सोडला" म्हणू नका, ती वाट बघत बसतात, आणि खरं कळलं की तुमच्यावरचा विश्वास उडतो. "भुरी मेली. तिचं शरीर थांबलं. आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येणार नाही." एवढं बोला आणि प्रश्न येऊ द्या. माझ्या भाचीनं विचारलं होतं, "मावशी, मातीखाली तिला गुदमरणार नाही?" तिचा हात धरून मी तो भुरीच्या अंगाला लावू दिला होता, म्हणून उत्तर सोपं गेलं: श्वासच थांबलाय, बघितलंस ना.

बघायचं की नाही, हे मुलानं ठरवावं. बघायचं असेल तर आधी सांगा: डोळे उघडे आहेत, अंग गार आहे. मूठभर गवत, एखादं जास्वंदाचं फूल त्याच्या हातानं ठेवू द्या. आणि गुपचूप तसाच दिसणारा दुसरा ससा आणू नका. मुलाला नाकावरचा ठिपका चुकलेला पहिल्याच दिवशी कळतो.

11. मागे राहिलेला ससा

जोडीतला दुसरा ससा असेल तर संसर्गाचा संशय नसताना त्याला शव दाखवा. एक तास दोघांना एकत्र राहू द्या. तो हुंगेल, चाटेल, ओढेल, कधी अंगावर चढेल. हे बघवत नाही, तरी मध्ये पडू नका. न दाखवता जोडीदार नाहीसा केला तर उरलेला ससा दिवसेंदिवस घरभर शोधत फिरतो.

संसर्ग असेल तर शव दाखवायचं नाही. पिंजरा, वाट्या साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा. उरलेलं गवत, लाकडी खेळणी टाकून द्या. उघडलेली औषधंही.

आता धोका या दुसऱ्या सशाला असतो. दुःखानं तो खाणं सोडतो, आणि खाणं सोडलं की तिसऱ्या टप्प्यातलं सगळं त्याच्याबाबतीत सुरू होतं. भुरी गेली त्या रात्री आम्ही सगळे थकून झोपलो. सकाळी काळूच्या कोपऱ्यात फक्त चार लेंड्या होत्या. त्या दिवसापासून दहा दिवस मी त्याचं वजन रविवारची वाट न बघता रोज केलं, दिवसातून दोनदा लेंड्या मोजल्या, आणि संध्याकाळी त्याच्याजवळ जमिनीवर बसून कोथिंबीर निवडली. निवडता निवडता एक-एक काडी खाली ठेवायची. तो पाचव्या दिवशी उठून आला.

नवा जोडीदार आणायचा असेल तर निदान काही आठवडे जाऊ द्या. आणल्यावर दोघांना थेट एका पिंजऱ्यात सोडू नका, ससे हद्दीसाठी एकमेकांना फाडतात. आधी दोन पिंजरे शेजारी ठेवा, मधे चार बोटांचं अंतर. मग टॉवेलांची अदलाबदल करा, म्हणजे वासाची ओळख होईल. त्यानंतर दोघांनाही अनोळखी असलेल्या खोलीत, तुमच्या डोळ्यांसमोर, दहा-दहा मिनिटं. दोघांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली असावी. एकमेकांशेजारी बसून अंग चाटायला लागले, आणि सलग दोन-तीन दिवस असं दिसलं, की मगच रात्री एकत्र ठेवा. वहीत नव्या सशासाठी वेगळं पान करा आणि पहिल्याच दिवशी त्याचं वजन लिहा.